उभे राहण्यास मनाई

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सामना चालू असताना बाकावरच्या मंडळींपैकी उभे राहायची मुभा फक्त मुख्य कोचला असते. त्याच्यासाठी मैदानाच्या कडेला ३८ फुटांची पट्टी राखून ठेवलेली आहे. तिथे त्याने येरझारा घालाव्यात, हातवारे करावेत, रेफरीच्या सात पिढ्यांविषयी जे वाटेल ते शक्यतो मनातल्या मनात म्हणावे. सहायक कोचने मात्र खुर्ची सोडायची नाही. एखाद्या पोराने डोळ्यांचे पारणे फिटावे असा खेळ केला तर त्याने उत्स्फूर्तपणे उठायला हरकत नाही, पण उत्स्फूर्तपणा आटोपून लगेच बसले पाहिजे. टाइमआउट झाला की तो उठतो, मुख्य कोचभोवतीच्या कोंडाळ्यात शिरतो आणि पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत आपले म्हणणे मांडतो. मग तेच म्हणणे खेळाडूंसमोर मुख्य कोचच्या तोंडून ऐकतो आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावतो. मुख्य कोच रेफरीवर धावून जाऊ लागला तर कोटाचे टोक धरून त्याला मागे ओढायचे कामही याच्याचकडे. करोनानंतर सूट-टाय जाऊन गळ्याशी अर्धी चेन असलेले पुलोव्हर आले, तेव्हापासून धरायला धड टोकही उरलेले नाही. या खुर्चीकडे बघणारे सगळेच, म्हणजे पालक, पत्रकार, विद्यापीठे आणि खुद्द तीत बसलेला माणूस, ती शेजारच्या उभ्या जागेची खालची पायरी आहे असे धरून चालतात. माझे म्हणणे असे, की ती पायरी नाहीच. तो एक वेगळा, स्वयंपूर्ण पेशा आहे. त्यात मुरायला वीस-तीस वर्षे लागतात, आणि त्यातली बरीचशी गंमत आणि जवळजवळ सगळा अन्याय त्याला जिना समजल्यामुळे घडतो.

आधी कामाचे स्वरूप बघू. हंगामात तीसेक सामने असतात आणि प्रत्येक प्रतिस्पर्धी कुणा ना कुणा सहायकाच्या नावावर टाकलेला असतो. याला ती मंडळी ‘स्काउट’ म्हणतात. ज्याचा स्काउट, त्याने त्या संघाचे मागचे पाच-सहा सामने बसून बघायचे, एकेक चाल मागे-पुढे करून पुन्हा पुन्हा बघायची, समोरचा बारा नंबरवाला दर वेळी डावीकडूनच घुसतो हे हेरायचे आणि या सगळ्याची दहा मिनिटांची चित्रफीत करायची. दहाच मिनिटांची, कारण वीस वर्षांच्या पोराचे लक्ष अकराव्या मिनिटाला फोनकडे जाते. सामन्यात समोरचा कोच मूठ वर करतो, कान पकडतो, दोन बोटे दाखवतो. त्या प्रत्येक खुणेचा अर्थ याला पाठ असतो आणि पुढची चाल तो खुर्चीतूनच ओरडून सांगतो. समोरच्या संघातल्या नवख्या पोरापेक्षा त्यांच्या चाली याला जास्त ठाऊक, असेही होते. सामना जिंकला तर मुख्य कोचची व्यूहरचना फळाला आली असे छापून येते. हरला तर ड्रेसिंग रूममध्ये प्रश्न येतो, ‘स्काउट कुणाचा होता?’ म्हणून शहाणा सहायक आपल्या स्काउटांचा जय-पराजयाचा हिशेब स्वतःच ठेवतो आणि पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत तो हळूच पुढे सरकवतो.

उरलेला वेळ पोरे हेरण्यात आणि पटवण्यात जातो. जुलैत साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ ऑगस्टा गावी ‘पीच जॅम’ नावाची शाळकरी मुलांची स्पर्धा भरते. तिथे विद्यापीठाचे बोधचिन्ह छातीवर मिरवणारे शर्ट घालून देशभरचे कोच ओळीने बसतात. त्या दिवसांत मुलाशी बोलायला मनाई असल्यामुळे बोलत कोणीच नाही. सगळी कला दिसण्यात. चाळिशीचा, दोन पदव्या घेतलेला गृहस्थ हजार मैल विमानाने येतो ते सोळा वर्षांच्या मुलाला आपण दिसावे म्हणून. पोरगा दुसऱ्या मैदानावर गेला की हाही खुर्ची बदलतो. फोनचे नियम तर एके काळी याहून कडक होते. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या कोच मंडळींनी चार वर्षांत मुलांना ५७७ बेकायदा फोन केल्याचे एनसीएए या नियामक संस्थेने मोजून काढले होते. (ते फोन मोजणाऱ्याची नोकरी हा आणखी एका विनोदी लेखाचा विषय आहे.) २००७ साली मुलांना मेसेज पाठवायलाही बंदी आली, ती २०१२ साली उठली. खाण्याच्या नियमांत तर खेळाडूला बेगल द्यायला परवानगी होती, पण त्यावर क्रीम चीज लावले की त्याचे जेवण व्हायचे आणि जेवणाला वेगळे कलम लागायचे. ही कलमे मुख्य कोचने पाठ करायची नसतात, हे सांगायला नकोच.

अशा कामाला माणूस कसा लागतो याचे दोन दाखले बास्केटबॉलवाल्यांना तोंडपाठ आहेत. इंडियाना विद्यापीठ महिन्याभरातच सोडून घरी परतलेला, फ्रेंच लिक गावच्या नगरपालिकेच्या कचरागाडीवर काम करणारा एक उंच मुलगा बिल हॉजेस नावाच्या सहायकाने शोधून काढला. त्याची पहिली गाठ पडली ती गावातल्या कपडे धुण्याच्या दुकानात, मुलगा आजीबरोबर असताना. तोच पुढे बास्केटबॉलचा दिग्गज ठरलेला लॅरी बर्ड. आजीसमोर, धुण्याची यंत्रे घरघरत असताना, तू कॉलेजात ये असे म्हणता येणे हे कौशल्य कुठल्याही प्रशिक्षणवर्गात शिकवत नाहीत. दुसरा दाखला १९७६ सालचा. सिरॅक्यूज विद्यापीठाचा नवा मुख्य कोच जिम बोहाइम न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात आला आणि त्याने वरच्या खोलीतल्या रिक पिटिनोला खाली बोलावून घेतले. पिटिनोचे त्या दिवशी लग्न झाले होते. नवरी वर, नवरा खाली लॉबीत मुलाखत देतोय, आणि मुलाखत काही तास चालली. मधुचंद्र लांबणीवर टाकून पिटिनो सिनसिनाटीला लुइस ऑर नावाचा खेळाडू पटवायला गेला. ऑर मिळाला. दोनच वर्षांत पिटिनो बॉस्टन युनिव्हर्सिटीचा मुख्य कोच झाला.

झाले की मग, असे कोणी म्हणेल. दोन वर्षांत वर गेला, म्हणजे जिना आहेच. तर हिशेब मांडू. पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक संघ आहेत, म्हणजे उभ्या जागाही तेवढ्याच. प्रत्येक संघाला पूर्वी तीन सहायक असायचे. २०२३ पासून पाच ठेवता येतात, फक्त बाहेर हिंडून पोरे पटवायला तेव्हा तिघांनाच परवानगी होती. म्हणजे हजाराहून अधिक माणसे, आता तर दीड हजारावर, त्या साडेतीनशे जागांकडे डोळे लावून बसलेली. दर वसंतात त्यांतल्या पन्नास-साठ जागा रिकाम्या होतात, आणि त्यांतल्या पुष्कळ दुसरीकडे आधीच उभा असलेला कोणीतरी येऊन बळकावतो. ज्या जिन्यावर पाच जण चढतात आणि वरच्या दाराशी एकालाच जेमतेम जागा, त्याला वास्तुशास्त्रात काय म्हणतात कोण जाणे. बोहाइमच घ्या. तो स्वतः सिरॅक्यूजमध्ये सात वर्षे सहायक होता आणि वर गेल्यावर ४७ हंगाम तिथेच राहिला. त्याचा सहायक माइक हॉपकिन्स दोन दशके गुडघ्याला बाशिंग बांधून होता. २०१५ साली विद्यापीठाने त्याला वारस म्हणून जाहीरही केले, २०१८ साली बोहाइम निवृत्त होणार असे ठरले. २०१७ च्या मार्चमध्ये हॉपकिन्स कंटाळून वॉशिंग्टन विद्यापीठात मुख्य कोच म्हणून निघून गेला. त्याबरोबर बोहाइमनेही निवृत्तीचा बेत रद्द केला आणि तो २०२३ पर्यंत राहिला. वारस गेला म्हणून राजाने राज्य सोडायचे रद्द करावे, हे राजघराण्यांतही क्वचित घडत असेल.

यावर जाणकार मंडळी मार्क फ्यू, टॉम इझो, टॉमी लॉइड अशी नावे पुढे करतात. तिघेही सहायक होते आणि तिघेही मोठे मुख्य कोच झाले. खरे आहे. पण लॉइड गोन्झागा विद्यापीठात फ्यूच्या हाताखाली वीस वर्षे होता. युरोपातून, जपानमधून पोरे आणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. फ्यूनंतर जागा तुझीच, असा लेखी करारही त्याच्या खिशात होता. फ्यू काही हलेना, तेव्हा २०२१ साली लॉइड अ‍ॅरिझोनाला गेला आणि पहिल्याच हंगामात ३३ सामने जिंकला. यातून मला एवढेच दिसते की एकाच पायरीवर वीस वर्षे उभा राहिलेला माणूस पायरीवर नव्हताच, घरात होता. शिवाय जे वर जाऊन यशस्वी झाले त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक असतात. ज्या हॉजेसने बर्डला धुण्याच्या दुकानातून आणले, तो मुख्य कोच आजारी पडल्यामुळे १९७८ साली एकाएकी वर गेला, बर्डला घेऊन ३३ सामने ओळीने जिंकला आणि राष्ट्रीय अंतिम सामना मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटकडून हरला. बर्ड गेला, आणि १९८२ साली हॉजेसला राजीनामा द्यावा लागला. मुख्य कोच आणि सहायक या दोन्ही कामांना लागणारे स्वभावच एकमेकांच्या उलट आहेत. मुख्य कोचने ठरवायचे, नकार द्यायचा, देणगीदारांशी गोड बोलायचे. सहायकाने सुचवायचे, मुख्य कोचला न आवडणारी गोष्ट पंधरा सेकंदांत त्याच्या गळी उतरवायची आणि रात्री अकराला बाकावर बसवलेल्या पोराच्या आईचा फोन घ्यायचा. बाकावर बसवलेला पोरगा ज्याने बसवले त्याच्याकडे कधी जात नाही. तो सहायकाच्या खोलीत येतो, दार लोटून घेतो आणि म्हणतो, ‘मी जातो घरी.’ तो घरी जात नाही, हे सहायकाचे कर्तृत्व. बढती मिळाली की याच माणसाने पोरांना बाकावर बसवायचे असते, आणि त्या दिवसापासून त्याच्या खोलीचे दार लोटायला कोणी येत नाही.

या पेशाचा मेरुमणी म्हणून मी बिल गथ्रीजचे नाव घेईन. नॉर्थ कॅरोलायनात रॅले-कॅरीकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनाही मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या निकालांचे अंदाज मांडणारा ऑफिसातला ‘ब्रॅकेट’ भरावाच लागतो. त्यांना चॅपेल हिलच्या विद्यापीठाचा मुख्य कोच डीन स्मिथ याचे नाव सांगता येते. त्याच्या शेजारी तीस वर्षे कोण बसला होता असे विचारले की ती चहा टाकायला उठतात. १९६७ ते १९९७ अशी तीस वर्षे गथ्रीज तिथे बसला. मध्ये १९७८ साली पेन स्टेटने त्याला मुख्य कोच म्हणून नेमलेही होते, पण होकार देऊन तो परत फिरला. जिना समोर आणून लावला तरी हा चढला नाही. शेवटी हंगाम तोंडावर आला असताना स्मिथ निवृत्त झाला आणि साठीच्या गथ्रीजला उभे राहावे लागले. पहिल्या वर्षी त्याने ३४ सामने जिंकले, तीन वर्षांत दोनदा संघाला शेवटच्या चारांत नेले, तरी लोकांची कुरकुर चालूच होती. तिसऱ्या वर्षाअखेर तो निवृत्त झाला. स्मिथचाच दुसरा सहायक रॉय विल्यम्स पहिल्या वर्षी २,७०० डॉलरवर राबला. पोट भागत नाही म्हणून तो गावोगाव संघाची कॅलेंडरे विकायचा आणि रविवारी पहाटे गाडी काढून स्मिथच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेपा शेकडो मैलांवरच्या केंद्रांना पोचवायचा. म्हणजे मुख्य कोच टीव्हीवर दिसावा म्हणून सहायक रस्त्यावर. विल्यम्स पुढे मोठा झाला, तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. पण त्याने विकलेल्या कॅलेंडरांवरून बास्केटबॉलचे डावपेच त्याला कसे उमगले, हे जिनावाद्यांनी समजावून सांगावे.

श्रेयाबद्दल असे म्हणतात, की निर्णय ज्याचा त्याचे श्रेय, कारण जबाबदारीही त्याचीच. युक्तिवाद गोमटा आहे. पण यूसीएलए विद्यापीठात जॉन वुडनला मुख्य कोच होऊन पंधरा वर्षे झाली तरी एकही राष्ट्रीय विजेतेपद नव्हते. १९६३-६४ च्या हंगामात जेरी नॉर्मन नावाच्या सहायकाने आग्रह धरला की संपूर्ण मैदानभर समोरच्यांना कोंडणारी झोन प्रेस खेळू. वुडनने ऐकले, संघ ३० पैकी ३० सामने जिंकला आणि बारा वर्षांत दहा विजेतेपदांची रांग सुरू झाली. ऐकणे हाही निर्णयच, हे कबूल. ही कल्पना नॉर्मनची असल्याचे वुडननेही पुढे मानले. पण नॉर्मन १९६८ साली, चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा, बास्केटबॉल सोडून शेअर दलाल झाला. तिथे निदान कमिशन कुणाच्या नावावर पडते हे लिहून ठेवतात. आता जबाबदारीचे बघा. २०१७ च्या सप्टेंबरात एफबीआयने कॉलेज बास्केटबॉलमधल्या लाचखोरीचे प्रकरण उघडे केले आणि ऑबर्न, अ‍ॅरिझोना, ओक्लाहोमा स्टेट व सदर्न कॅलिफोर्निया अशा चार विद्यापीठांचे चार कोच पकडले. चौघेही सहायक. दोघे तुरुंगात जाऊन आले. एकाही मुख्य कोचवर फौजदारी आरोप आला नाही. त्या वावटळीत एका मुख्य कोचची नोकरी गेली (मघाचाच पिटिनो, तोवर लुइव्हिलमध्ये होता), आणि एनसीएएची कलमेही सहायकाच्या चुकीला मुख्य कोचला जबाबदार धरतात. पण नोकरी जाणे आणि बेड्या पडणे यांत थोडा फरक आहे. लाच खाल्ली त्यांनी शिक्षा भोगली, यात तक्रार नाही. जबाबदारी वरच्याची म्हणून श्रेय वरच्याचे, एवढे पालुपद मात्र बंद करावे.

पण जिन्याचा समज नुसता हास्यास्पद नाही, त्याला किंमतही आहे, आणि ती एकदा कोर्टाने डॉलरमध्ये सांगितली. १९९२ पासून एनसीएएने नियम लागू केला की बास्केटबॉलच्या चौथ्या कोचला वर्षाला १२ हजार डॉलर आणि उन्हाळ्याचे ४ हजार, याहून जास्त मिळता कामा नये. मुख्य कोचच्या पगाराला मर्यादा नाही, विमानाला नाही, नव्या स्टेडियमला नाही. काटकसर सुरू झाली ती शेवटच्या खुर्चीपासून. त्या जागेला नावच दिले ‘मर्यादित कमाईचा कोच’. दारावरच्या पाटीवर हे लिहून रोज ऑफिसात शिरायला मन घट्ट लागत असेल. त्याआधी नावाला अर्धवेळ असलेले काही सहायक ६० ते ७० हजारांपर्यंत कमवत होते. या कोचांनी खटला भरला. एनसीएएने कोर्टात काय सांगितले? की ही शिकाऊ पोरांसाठी राखलेली जागा आहे, पहिली पायरी आहे. अपील न्यायालयाने १९९८ साली विचारले की ही जागा शिकाऊंनाच मिळेल असे तुमच्या नियमात कुठे आहे? कुठेच नव्हते. अनुभवी, घरसंसाराची माणसे त्या खुर्चीत १६ हजारांवर बसली होती. ज्युरीने २ कोटी २३ लाख डॉलरची भरपाई ठरवली, मक्तेदारीविरोधी कायद्याने ती तिप्पट झाली, आणि शेवटी १९९९ साली ५ कोटी ४५ लाखांवर तडजोड झाली. पायरी म्हटले की पगार पायरीचा देता येतो, एवढाच त्या कल्पनेचा उपयोग होता. आज मोठ्या विद्यापीठांत सहायकाला वर्षाला पाच लाख डॉलरहूनही जास्त मिळतात, मग रडायचे कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण ती वरची थोडी विद्यापीठे. लहान ठिकाणी शाळामास्तराइतका पगार आणि करार वर्षा-वर्षाचा. मुख्य कोचला नारळ मिळाला की सगळे सहायकही घरी. नवा येतो तो आपली माणसे घेऊन. याची मुले मग एप्रिलमध्ये शाळेला आणि मित्रांना रामराम करतात.

त्याच सुमारास, शेवटचे चार संघ ज्या गावी खेळतात तिथेच कोच लोकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन भरते. परिसंवाद वगैरे असतात, पण खरे अधिवेशन हॉटेलच्या लॉबीत. नोकरी गेलेले, जाणारे आणि जाईल अशी भीती असलेले सहायक तिथे सकाळपासून उभे. बोधचिन्हाचा शर्ट घालावा तर ते विद्यापीठ आता आपले नाही, साधा घालावा तर बेकार असल्याची जाहिरात. हात तुमच्या हातात आणि नजर तुमच्या खांद्यावरून मागे, कारण लिफ्टमधून कोणीतरी महत्त्वाचे बाहेर पडत असते. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर तो बहुतेकदा दुसरीकडच्या तशाच खुर्चीसाठी.

आणि जिना खरेच असता तर त्यावरून कोणी आपखुशीने उतरले नसते. रॉन सँचेझ व्हर्जिनिया विद्यापीठात टोनी बेनेटचा सहायक होता. २०१८ साली तो शार्लट विद्यापीठाचा मुख्य कोच झाला. २०२३ साली त्याच्या संघाने एक स्पर्धाही जिंकली, आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच राजीनामा देऊन तो बेनेटशेजारी पुन्हा सहायक म्हणून परतला. पदाला ‘असोसिएट’ अशी झालर लावली होती, बाकी काम तेच. २०२४ च्या ऑक्टोबरात, हंगामाला काही आठवडे उरले असताना, बेनेटने निवृत्ती जाहीर केली आणि सँचेझच्या गळ्यात हंगामी मुख्य कोचपद पडले. त्यातून सुटून आलेल्या माणसाला ते पुन्हा येऊन चिकटले. १५ विजय, १७ पराभव. मार्च २०२५ मध्ये विद्यापीठाने रायन ओडमला नेमले. ओडमने आपला पहिला सहायक म्हणून ज्याला आणले तो ग्रिफ ऑल्ड्रिच, ओडमचा कॉलेजातला संघमित्र. याने २०१६ साली ह्यूस्टनमधली वकिली-गुंतवणुकीची गलेलठ्ठ कमाई सोडून ओडमच्या हाताखाली किरकोळ पगारावर काम धरले होते. नंतर लाँगवुड विद्यापीठात सात वर्षे मुख्य कोच राहून, संघाला दोनदा राष्ट्रीय स्पर्धेत नेऊन, त्यानेही ती जागा सोडली आणि ओडमचा सहायक व्हायला आला.